डाव्या उलांडीची तोटी

मित्रांनो, चढताय तर चढा, पण चपला तरी खाली काढा. त्या जाळीवर उड्या मारू नका, ती आधीच उसवलीय. आणि काल ज्यानं माझ्या अंगावर विटकरीनं बदाम काढून त्यात बाण खुपसलाय, त्यानं तो आज पुसून टाकावा. मी शाळेची मागची भिंत नाही. मी एक शिडाची बोट आहे. तशी फार जुनी नाही, पण आपल्याकडं जी वस्तू कामातून गेली तिला जुनीच म्हणतात, म्हणून मीही जुनी.

तुमच्या मनात येणारच, की धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या या काळ्या मातीत शिडाची बोट आली कुठून? समुद्र इथून इतका लांब, की गावातल्या निम्म्या माणसांनी तो टीव्हीतच पाहिलाय. तुमची शंका रास्त आहे. मीही समुद्र पाहिलेला नाही. मी त्याच्यासाठीच जन्मले, आणि मला तो नुसता ऐकून माहीत आहे. हसू नका.

मला व्यंकटनं बनवलं. तुम्ही त्याला व्यंकटकाका म्हणता. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. हा मात्र विशीत घर सोडून गोव्याकडं गेला आणि बोटी बनवायच्या कारखान्यात लागला. तिथं फायबरच्या बोटी व्हायच्या. काचेचं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर राळ चोपडायची, वाळली की घासायची, परत कापड, परत राळ. सगळी जवानी त्यानं दुसऱ्यांच्या बोटी घासण्यात घालवली. बोटी पाण्यात गेल्या की मालक लोक त्यांच्यावर पांढरे कपडे घालून बसत आणि व्यंकट धक्क्यावर उभा राहून दोर सोडून देई. मग एक दिवस त्याच्या मनानं घेतलं, की एक बोट आपली बनवायची. छोटीशी, पण राहण्यासारखी. तिच्यात बायकोला घेऊन कोकणचा सगळा किनारा फिरायचा.

बायको म्हणजे तारामती. गावात शिलाई मशीन चालवणारी, ब्लाउजचं माप एकदा घेतलं की परत न विचारणारी. तिनं तर समुद्र बघितलाच नव्हता. व्यंकट सुट्टीला आला की तिला सांगायचा, "तुला समुद्र दावतो, पर लॉजवर राहून न्हाय. आपल्या घरातून." ती म्हणायची, "घराला चाकं लावतायसा का?" तो म्हणायचा, "चाकं न्हाय, शीड." गावाला वाटलं, याचं डोकं फिरलंय. पण ती त्याच आठवड्यात त्याच्याकडून शिडाच्या कापडाची माहिती विचारायला लागली.

गावी जागा फुकट होती, म्हणून तो इथं आला आणि घरामागच्या रिकाम्या मेंढवाड्यात त्यानं मला घडवायला घेतलं. आता नीट ऐका. माझी ठेवण कशी आहे हे कळलं नाही, तर पुढचं काहीच कळणार नाही.

मला तीन अंगं आहेत. मधलं मोठं, अरुंद आणि लांब. त्यात केबिन, दोन झोपायच्या फळ्या, एक स्टोव्ह, भांडी ठेवायचा कप्पा. दोन्ही बाजूंना एकेक बारीक होडी. कोकणात एका बाजूला लाकूड बांधलेल्या होड्या असतात, त्या लाकडाला उलांडी म्हणतात. व्यंकट माझ्या बाजूच्या होड्यांनाही उलांडीच म्हणायचा, डावी आणि उजवी. आडव्या तुळयांनी त्या माझ्या धडाला जोडलेल्या. तुळयांना बिजागऱ्या, म्हणजे पक्ष्यानं पंख मिटावे तशा उलांड्या अंगाशी दुमडता येतात आणि मी ट्रकवर मावते. तुळयांच्या मधे जाळी. तळाला वर-खाली सरकणारी एक फळी, ती खाली सोडली की वाऱ्यानं मी आडवी वाहत जात नाही, आणि वर ओढली की गुडघाभर पाण्यातही चालते.

आता खरी गोष्ट. एका अंगाच्या शिडाच्या बोटीला तळाशी शिसं, लोखंड असं वजन बांधतात, म्हणून ती सरळ राहते. मला तसलं काही नाही. मी वजनानं उभी राहत नाही, रुंदीनं राहते. वाऱ्यानं मला डावीकडं ढकललं की डावी उलांडी पाण्यात दबते आणि आत हवा असल्यामुळं मला परत वर लोटते. उजवीकडचंही तसंच. म्हणजे माझा सगळा जीव त्या दोन उलांड्यांच्या पोकळीत आहे. त्या रिकाम्या असल्या पाहिजेत. कोरड्या, बंद आणि रिकाम्या. व्यंकट त्यांची झाकणं लावताना दर वेळी हात फिरवून बघायचा.

आणि अशा मला त्यानं आणलं कुठं? तर आपल्याकडं. जिथं रिकामं भांडं कुणाला बघवत नाही! टँकरचा हॉर्न वाजला की इथं घागर, कळशी, पातेलं, तेलाचा डबा, लहान लेकराचा टब, सगळं दारात येतं. पण ते नंतर सांगते.

मला घडवता घडवता व्यंकटची छाती गेली. काचेची बारीक धूळ कैक वर्षं श्वासातून आत जात होती. माझ्या शेवटच्या घासकामाला तो दोन हात मारायचा आणि खोकत भिंतीला टेकायचा. सोलापूरच्या डॉक्टरनं फोटो काढून स्पष्ट सांगितलं, फायबरचं काम आता बंद, नाहीतर माझ्याकडं यायची गरज पडणार नाही. तारामतीनं त्या दिवशी उरलेली राळ परत पाठवून दिली. तेव्हाच ठरलं की मी शेवटची. माझ्यानंतर दुसरी बोट नाही, आणि माझं काही मोठं मोडलं तर ते परत जोडायलाही कुणी नाही.

शिडं तारामतीनं शिवली. देवळाच्या सभामंडपात कापड अंथरलं होतं, कारण घरात ते मावेना. येणारे-जाणारे विचारायचे, "वैनी, एवढा मोठा झगा कुणाला?" शेजारची शांताक्का तर रोज येऊन बसायची. तिचं माहेर सीमेपलीकडचं, म्हणून बोलण्यात कानडी हेल. ती कापड धरायची, दोरा ओवून द्यायची आणि तोंडानं टोमणे मारायची, "अय्यो शिवा, समद्या तालुक्याची उशाची अभ्रं निघाली असती गं यात!" तारामती हसायची. मला शांताक्का तेव्हा आवडायची, खरं सांगते.

गावचा तलाव त्या वर्षी भरला होता. मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आणलं, नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं आणि पाण्यात सोडलं. व्यंकटनं उलांड्या उघडल्या तेव्हा काठावरून कुणीतरी ओरडलं, "अरं, ही तर तिपाई हाय!" झालं. व्यंकटच्या मनात नाव समुद्रावर गेल्यावर ठेवायचं होतं, पण गावानं माझं बारसं उरकून टाकलं. आजही मी तिपाईच.

ते एक वर्ष माझं चांगलं गेलं. ते आठवलं की अजून कासावीस होते. पश्चिमेचा वारा सुटला की शीड भरायचं आणि मी अशी निघायचे, की काठावरची कुत्री पळून दमायची. आणि एवढ्या वेगात कलायचे नाही. तारामती केबिनमध्ये भाकरी थापायची, परात जागची हलायची नाही. व्यंकट सुकाणूवरून वाकून विचारायचा, "हलतंय का गं?" ती आतून म्हणायची, "घरातला वटा हिच्यापेक्षा जास्त हलतोय." त्याला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको होतं.

माझं कौतुकही पोटभर झालं. तुळजापूर, सोलापूरकडची लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायची. नवरी जाळीवर पसरायची आणि फोटोवाला गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडायचा. सरपंच बब्रुवान, त्याला तुम्ही बब्रुवान आबा म्हणता, तो तर प्रत्येक पाहुणा माझ्यावर आणायचा. "आमच्या गावची बोट," असं म्हणायचा. आमच्या गावची! बनवताना आमच्या गावचं येडं होतं, तरंगल्यावर आमच्या गावची बोट झाली. व्यंकट कुणाला नाही म्हणायचा नाही. एवढंच सांगायचा, "जड माणसं मधी बसा, उलांडीवर कुणी जाऊ नका." लोक हसून मधे सरकायचे.

पुढच्या हिवाळ्यात जायचं ठरलं होतं. तेवढ्यात व्यंकटची आई अंथरुणाला खिळली आणि नवरा-बायको घरातून हलू शकेनात. तिचं सगळं झाल्यावर बघतात तर तलाव खाली गेलेला. पावसानं तोंड फिरवलं होतं, पुढच्या वर्षीही त्यानं तेच केलं. व्यंकटनं मला वस्तीच्या खालच्या अंगाला, जिथं पाणी खोल असायचं तिथं नांगरून ठेवलं होतं. तिथलंही पाणी आटलं आणि एक दिवस मी गाळावर टेकले. तीन पायांची म्हणून सरळ टेकले हो, दुसरी बोट आडवी पडली असती. गाळ वाळला, त्याला भेगा पडल्या, आणि माझ्या बाजूनं शेळ्या चरायला लागल्या.

मला उचलायला क्रेन लागते. क्रेनवाला तामलवाडीहून येऊन बघून गेला. म्हणाला, बांधावर उभा राहून उचलीन, भेगाळलेल्या गाळात गाडी घालणार नाही. फरपटत न्यावं तर माझा तळ फाटला असता. म्हणजे आता पाणी येईपर्यंत वाट बघायची, पाणी आलं की तरंगत बांधाला जायचं, तिथून ट्रकवर आणि थेट समुद्र. व्यंकटनं ठरवलं, तोवर आपण कोकणात जाऊन बंदरात जागा बघू, उभं राहण्याची परवानगी वगैरे बघू. तब्येतही तिकडं जरा बरी राहायची. तो गेला. तारामती माझ्यासाठी मागं राहिली.

आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाला.

टँकर काठावर थांबायचा. तो कधी यायचा, कधी यायचा नाही. आला की झुंबड. एक दिवस बब्रुवान माझ्याकडं बघत उभा राहिला. मला त्याची नजर कळली. मग तो तारामतीकडं गेला. "वैनी, तिपाईच्या त्या बाजूच्या दोन टाक्या रिकाम्याच हायेत न्हवं? त्यात पाणी साठवू. टँकर येईल न येईल, वस्तीला आधार व्हईल."

टाक्या! माझ्या उलांड्यांना तो टाक्या म्हणाला.

तारामतीनं व्यंकटला फोन लावला. व्यंकटनं टँकर किती दिवसांनी येतो ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "पाणी हाय, न्हाय कसं म्हणायचं? भरा म्हणावं. जमिनीवर हाय तोवर तिला काय होत न्हाय. फक्त पावसाच्या आधी रिकामी करून, पुसून, झाकणं घट्ट लाव. आणि एक डावीच भरा, उजवीला हात लावू नका." त्याचं काही चुकलं नव्हतं. मलाही राग आला नव्हता. तहानलेल्या माणसांच्या कामी आले, याचं मला वाईट कशाला वाटेल?

काठावरून टँकरचा लांब पाइप माझ्या डाव्या उलांडीच्या तोंडात घातला आणि जन्मात पहिल्यांदा माझं पोट पाण्यानं भरलं. बाया दोरीला कळशी बांधून वरून पाणी शेंदायच्या. पण तोंड लहान, माणसं फार. कुणाची बादली आत पडली, कुणाचा हात आत गेला म्हणून पाणी विटाळलं असं भांडण झालं, एक म्हातारी वर चढताना घसरली. तेव्हा बब्रुवानला कल्पना सुचली. तो नळदुरुस्तीवाल्याला घेऊन आला आणि म्हणाला, "बुडाशी एक तोटी बसवून टाक."

तारामती धावत आली. "आबा, आधी त्यांना इचारा. भोक नका पाडू."

"अगं, एवढंसं भोक हाय. त्याला आजारी माणसाला कशाला तरास द्यायचा? पाऊस आला की एम-सील लावून बुजवू. म्या सोता बुजवतो, झालं?"

"तरी एक फोन..."

"वैनी, पलीकडं लेकरं घागरी घेऊन उभी हायेत. त्यांना सांगू का, फोन लागंना म्हणून थांबा?"

गावात राहायचं होतं तिला. तिनं पदर तोंडाला लावला आणि बाजूला झाली. ड्रिल फिरलं. मित्रांनो, व्यंकटनं एकावर एक थर देऊन, खोकत खोकत, आरशासारखी घासलेली ती बाजू. भोक पडायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. लोकांनी तोटीखाली घागर बसावी म्हणून खड्डा खणला, आणि बब्रुवाननं पहिली घागर भरून फोटो काढला.

तारामतीनं व्यंकटला तोटीचं सांगितलं नाही. रोज फोन यायचा, रोज तिच्या ओठावर यायचं, पण तिकडून खोकला ऐकू आला की ती विषय बदलायची. मनात म्हणायची, पाऊस दिसला की आपणच बुजवून घेऊ, त्याला कळायचंही नाही. पावसाळा लागला तरी पाऊस आला नाही, म्हणून टँकर चालूच राहिला. ती रोज संध्याकाळी येऊन तोटी बंद करून जायची, आणि रोज सकाळी तोटी उघडी असायची.

का, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या घरीही तेच करतात. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून कोरडा नळ उघडाच ठेवायचा आणि खाली घागर लावायची. पाणी आलं की घागरीत आवाज होतो आणि माणूस उठून येतं. इथं बंद नळ म्हणजे करंटेपणा. माझी उलांडी रिकामी झाली की बाया तोटी उघडी ठेवून, खाली घागर लावून घरी जायच्या. टँकरवाला कधीही येऊन वरून पाइप लावेल, मग घागरीचा आवाज वस्तीपर्यंत ऐकू जाईल. आयुष्यभराची सवय ती, त्यात कुणाला चूक दिसणार?

परतीच्या पावसाचे दिवस आले. इथं आभाळ कोरं होतं, पण वरच्या अंगाला पाऊस झाला होता. त्या दिवशी आठवड्याचा बाजार. तारामतीनं सकाळी येऊन तोटी घट्ट फिरवली, बब्रुवानला निरोप धाडला की आता एम-सीलचं बघा, आणि बाजाराला गेली. तिला स्टोव्हची वात आणायची होती, माझ्या केबिनमधल्या. जायची तयारी तिनं कधीच थांबवली नव्हती. तिच्यामागून शांताक्का आली. घागर तोटीखाली ठेवली, तोटी पूर्ण सोडली आणि "आज तरी येवू दे रे बाबा," असं टँकरवाल्याला उद्देशून पुटपुटत घरी गेली.

दुपारी पाणी आलं, पण टँकरचं नव्हे. नदीकडून, गढूळ, फेसाळ, काटक्या-पाचोळा घेऊन, भेगांमधून सळसळत. आधी माझ्या तळाला थंड लागलं. किती दिवसांनी! मी वेडी झाले आनंदानं. वस्ती काठावर जमली. शिट्ट्या, टाळ्या, मोबाइल. पाणी चढत गेलं, आणि दोन वर्षं गाळात रुतलेली मी जागची हलले. "उठली! तिपाई उठली!" सगळे ओरडले. बब्रुवान कुणाला तरी व्हिडिओत सांगत होता, "आमच्या गावची बोट बघा." शांताक्काची घागर तरंगत पलीकडं गेली. तिला त्या गडबडीत घागर दिसली, तोटी आठवली नाही.

तोटीतून पाणी आत येत होतं. बारीक धार, पण तिला घाई नव्हती. पाइप घालायला वरचं झाकण काढून तिथं फडकं बांधलेलं, म्हणजे आतली हवा खुशाल बाहेर. मला डावीकडं जड वाटायला लागलं. मी ओरडत होते, मित्रांनो. पण बोटीचं ओरडणं म्हणजे तुळया करकरणं, आणि लोकांना वाटलं मी खुशीत आहे. हळूहळू टाळ्या संपल्या, लोक चहाला गेले. मी कलत होते, ते एकालाही दिसलं नाही. माझ्यासारखी बोट कधी कलत नसते हे त्यांना माहीत कुठं होतं?

ऊन उतरताना तारामती एसटीतून उतरली आणि काठावरूनच तिनं बघितलं. तिला एका नजरेत कळलं. पिशवी तिथंच टाकून ती पाण्यात शिरली. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मागून बाया ओरडायला लागल्या, "अगं बुडशील, माघारी फिर!" ती माझ्यापर्यंत आली, पाण्याखाली हात घालून तोटी चाचपली आणि फिरवली. घट्ट बंद केली. पण आत उलांडी काठोकाठ भरली होती. बंद करून तिनं फक्त आतलं पाणी आत ठेवलं. तिलाही ते कळलं, कारण ती तोटीला धरून तशीच उभी राहिली. दोघातिघांनी दोर टाकून तिला ओढून नेलं.

मग वरून एक उपटलेली बाभूळ वाहत आली आणि माझ्या नांगराच्या दोराला अडकली. डावी उलांडी पाण्याखाली, उजवी आभाळात. एवढ्या ओढीत मी कशी टिकणार? मी उलटी झाले. डोलकाठी गाळात रुतून मोडली, डावीकडची तुळई मुळापासून फाटली. समुद्राच्या लाटा झेलायला बनवलेली मी, या तुमच्या तलावात, काठापासून हाकेच्या अंतरावर बुडाले.

व्यंकट दुसऱ्या दिवशी आला. पाणी थोडं उतरलं होतं, लोकांनी ट्रॅक्टरला साखळी लावून मला काठावर ओढलं होतं, आणि ओढताना राहिलेलं होतं तेही तोडलं होतं. तो आला तेव्हा सगळे सांगत होते, पाण्याचा जोर लई व्हता. बाभूळ लई मोठी व्हती. बब्रुवान म्हणाला, "देवाची करणी, व्यंकट. कुनाच्या हातात हाय?"

तेव्हा शांताक्का पुढं आली. "देवाला नावं ठेवू नगा. तोटी म्या सोडली व्हती, बाबा. पाणी आलं की आवाज यावा म्हणून. माजी चूक हाय."

व्यंकटनं तिच्याकडं बघितलं. मग सगळ्यांकडं.

"तोटी? कसली तोटी?"

सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, पोराटोरांना ठाऊक होतं, टँकरवाल्याला ठाऊक होतं. ज्यानं मला बनवलं त्या एकट्याला माहीत नव्हतं. तो माझ्या डाव्या अंगाला आला, वाकला, आणि त्याला ती पितळेची तोटी दिसली. चांगली घट्ट बंद. त्यानं भोवतीच्या फायबरवर अंगठा फिरवला.

तारामती म्हणाली, "तुमाला तरास व्हईल म्हणून सांगितलं न्हाय."

तो खाली मातीत बसला. मला वाटलं आता ओरडेल, शिव्या घालेल, बब्रुवानची गचांडी धरेल. मला तेच हवं होतं. पण त्याला आधी खोकला आला आणि तो किती तरी वेळ खोकतच राहिला. मग एवढंच म्हणाला, "एक फोन करायचा व्हता, तारा. भोक पाडू नका म्हणालो नसतो. कुठं पाडायचं ते सांगितलं असतं. वरच्या अंगाला पाडलं असतं तर काय झालं नसतं."

ऐकलंत? पाणी दिलं असतं. तोटीही दिली असती. फक्त वीतभर वर.

मला दुरुस्त करायचं म्हणजे परत काच, परत राळ, परत धूळ. त्यानं एकदा कानस हातात घेतली, तारामतीनं ती काढून घेतली. दुसरं कुणी इथं ते काम जाणत नाही. कोकणातल्या बंदरात त्यानं बघून ठेवलेल्या जागेवर आता कुणाची तरी बोट उभी असेल. बब्रुवाननं मला निळा रंग दिला, तलावाच्या वाटेवर मुरमाचा ओटा करून त्यावर ठेवलं आणि सेल्फी पॉइंटची पाटी लावली. एम-सील मात्र त्यानं शेवटी लावलं. भोक आता एकदम पक्कं बुजलंय, हात लावून बघा हवं तर.

व्यंकट या वाटेनं येत नाही. त्याला एसटीला जायचं असलं तरी वरच्या रानातून, दम लागला तरी, वळसा घालून जातो. तारामती कधीमधी येते, केबिनमधला पाला झाडून काढते. मागच्या दिवाळीनंतर बचत गटाच्या बायांची गाडी गणपतीपुळ्याला निघाली होती. शांताक्का तिच्या दारात जाऊन बसली, हातापाया पडली, "चल गं, मी पैसं भरते तुजं, एकदा तरी बग." तारामती गेली नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणते, शिलाईचं काम पडलंय.

मित्रांनो, तुम्हाला मी वस्तूंची काळजी घ्या, त्या पुसून ठेवा, असलं काही सांगणार नाही. माझी काळजी सगळ्यांनीच घेतली. हळदीकुंकू लावलं, टाळ्या वाजवल्या, रंग दिला. चांगल्या माणसांनी, चांगल्या कामासाठी मला भोक पाडलं. म्हणून तर मला रागवायलाही कुणी सापडत नाही. तुम्हाला मागणं एवढंच, की दुसऱ्याच्या वस्तूत तुम्हाला रिकामी जागा दिसली, तर ती भरण्याआधी ज्यानं ती रिकामी ठेवलीय त्याला विचारा. तो आजारी असला तरी विचारा. घाई असली तरी विचारा.

व्यंकट कुठं परदेशात नव्हता. त्याचा नंबर वस्तीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता.